आजी-आजोबांना बाहेर जेवायला न्यायचंय? मराठवाड्यातल्या लेकरांचे नेहमीचे प्रश्न

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक दिवस बाहेर जेवायला न्यायचं, एवढीच गोष्ट, पण गाडी काढायच्या आधीच शंभर शंका येतात. मी लातूरचा, आमचे अण्णा आणि आत्या दोघांनाही फिरायची हौस आहे आणि दोघांचेही गुडघे गेलेत, त्यामुळे नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सगळे मलाच विचारतात. तेच प्रश्न इथं एकत्र केलेत, जसे आठवले तसे.

जागा निवडताना सगळ्यात आधी काय बघायचं?

संडास. हसू नका, खरंच. लोक आधी मेनू बघतात, फोटो बघतात, स्टार किती ते बघतात, आणि तिथं गेल्यावर कळतं की संडास मागच्या अंगाला आहे, खडीवरून जायचं, दोन पायऱ्या चढायच्या आणि आत उकिडवं बसायचं. सत्तरीच्या पुढच्या माणसाला हे जमत नाही आणि ते तोंडानं सांगतही नाहीत. ते काय करतात, सकाळपासून पाणीच पीत नाहीत! आपल्याला वाटतं अण्णा आज गप्प गप्प का, तर घसा कोरडा पडलेला असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार वाईट, चक्कर येते, बीपी खाली येतो. म्हणून कमोड आहे का, तो खालच्याच मजल्यावर आहे का, फरशी कायम ओली असते का, धरायला काही आहे का, एवढं आधी बघायचं. आतून कडी लावू नका, मी बाहेर उभा आहे, असं सांगायचं, नाहीतर आत पाय घसरला तर दार फोडावं लागेल.

संडासानंतर खुर्ची. खुर्चीला पाठ पाहिजे आणि हात पाहिजेत, कारण म्हातारं माणूस हातावर भार देऊन उठतं. बिनहाताची प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागं सरकते, ती नकोच. मोठ्या हॉटेलातले मऊ सोफे पण नकोत, त्यात बसता येतं पण निघता येत नाही. ढाब्यावर बाज असते, आमच्या आत्याला ती आवडते, जेवण झाल्यावर जरा आडवं होता येतं म्हणून, पण जेवताना मात्र टेबलच बरं.

मग सावली, मग आवाज, आणि जेवण कसं आहे ते सगळ्यात शेवटी. आमच्या भागात जेवण बहुतेक ठिकाणी बरंच मिळतं, अडतं ते बाकीच्या गोष्टींत.

फोन करून विचारलं की 'सगळं हाय साहेब, या की' म्हणतात. मग खरं कसं कळणार?

'सोय आहे का' असं विचारलं की उत्तर 'आहे'च येणार. नेमकं विचारा. गाडी दारापर्यंत येते का की रोडवर लावावी लागते? दारात किती पायऱ्या? इंग्लिश संडास कोणत्या मजल्यावर? फॅमिली हॉल वर आहे का खाली? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण आपल्याकडं बार-रेस्टॉरंटमधला फॅमिली सेक्शन हमखास वरच्या मजल्यावर असतो, किंवा मग पडदे लावलेल्या अरुंद कॅबिन असतात ज्यात बाकडं भिंतीला ठोकलेलं असतं आणि आत सरकत सरकत जावं लागतं. आणि आज लग्नाची मोठी तिथी असेल तर तेही विचारा, लगनसराईत रोडवरच्या ढाब्यावर वऱ्हाडाच्या दोन ट्रॅव्हल्स उतरल्या की तुमच्या टेबलाकडं कोण बघत नाही.

जमलं तर आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन एक चहा पिऊन या. दहा मिनिटात सगळं दिसतं.

किती लांब जावं?

एका बाजूला एक तास, त्याच्यापुढं नाही. पाऊण तास असेल तर उत्तम. लांब जायचंच असेल तर मध्ये थांबा, आणि थांबायला पेट्रोल पंप बघा, पंपावर संडास आणि प्यायचं पाणी फुकट द्यायचा नियमच आहे, खरेदी केली पाहिजे असं काही नाही. धुळे-सोलापूर हायवेवर बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा पट्टा आहे, तिथं ढाबे आणि पंप भरपूर, त्यामुळं बीड-धाराशिवकडच्यांना तसं सोपं जातं. समृद्धीवर चढणार असाल तर मात्र चढायच्या आधीच पोटपाणी उरकून घ्या, मध्येच रस्ता सोडून वाटेल तिथं थांबायची सोय त्या रोडवर नाही.

अजून एक, उंच गाडी असेल तर लाकडी पाट किंवा छोटा स्टूल डिकीत टाका. चढायला एवढी एक पायरी मधी मिळाली की निम्मं काम झालं.

कोणत्या वेळेला न्यावं?

साडेअकराला टेबलावर. आपण दीड-दोनला जेवतो पण त्यांचं पोट बाराच्या ठोक्याला जागं होतं, आयुष्यभर शेतात नाहीतर नोकरीत बाराला डबा सोडलेला असतो. लवकर गेलं की गर्दी नसते, वेटर निवांत असतो, स्वयंपाकघरात भाकरी गरम मिळते, आणि रविवारी दीड वाजता पोरांचा जो कालवा सुरू होतो त्याच्या आधी तुम्ही बाहेर. कानाला मशीन लावणाऱ्यांना तर गर्दीचा आवाज अजिबात सहन होत नाही, सगळे आवाज एकदम कानात शिरतात आणि समोरचा काय बोलतोय तेच कळत नाही. टीव्हीखालचं टेबल घेऊ नका आणि एसीच्या तोंडासमोरचं पण नको.

एप्रिल-मे मध्ये मी दुपारी नेतच नाही. चाळीस-बेचाळीसच्या उन्हात एसी गाडीतून उतरून हॉटेलात, हॉटेलातून परत गाडीत, त्या दोन मिनिटात माणूस भाजून निघतं. त्या दिवसात सकाळी आठला नाश्ता करायला न्या, सुशीला (आपले फोडणीचे मुरमुरे) नाहीतर निलंगा राईस आणि चहा, झालं आउटिंग.

दात नाहीत किंवा कवळी आहे. काय मागवू?

आपलं जेवण यासाठी फार चांगलं आहे खरंतर, फक्त क्रम सांभाळायचा. ज्वारीची भाकरी गरम असताना मऊ असते, गार झाली की कडक होते, म्हणून पाच भाकऱ्या एकदम मागवायच्या नाहीत, एकेक आणा म्हणायचं. कुस्करून दुधात, वरणात, नाहीतर पातळ पिठल्यात. थाळीत रोटी-नान आला तर तो त्यांच्या ताटात वाढूच नका, तंदुरी रोटी तर कवळीवाल्यांची दुष्मन आहे. धपाटे दह्याबरोबर जातात, पातळ आणि तेल लावून भाजलेले असतील तर. वरणफळं कुठं मिळाली तर डोळे झाकून घ्या. मुगाची खिचडी आणि कढी कुठंही मिळते पण मेनूत सापडत नाही, सांगून करून घ्यावी लागते आणि बहुतेक आचारी करून देतात, म्हाताऱ्या माणसासाठी आहे म्हटलं की कोण नाही म्हणत नाही आपल्याकडं.

एक सांगतो, वेटरला 'आजींना काय पाहिजे' असं आपल्याला विचारू देऊ नका. त्यालाच म्हणायचं, त्यांनाच विचार. सगळी ऑर्डर आपणच देऊन टाकतो आणि ते बिचारे लेकरासारखे बघत बसतात.

तिखट कमी करा सांगितलं तरी जाळच येतो. असं का?

कारण रस्सा आधीच झालेला असतो. काळा मसाला, वाटण, येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) टाकून सकाळीच मोठ्या पातेल्यात एकत्र शिजवून ठेवलेलं असतं, तुमच्या ऑर्डरला फक्त वाटीत ओततात. त्यातलं तिखट कुणाचा बाप कमी करू शकत नाही, फार तर पाणी नाहीतर दही घालून देतील आणि चव जाईल. म्हणून जे फोडणी देऊन ताजं करतात तेच मागवायचं. पिठलं, साधं वरण, दाल फ्राय, पालेभाजी, कांद्याची झुणका टाईप भाजी, यात मिरची किती टाकायची ते तुमच्या सांगण्यावर असतं. आचाऱ्याला 'कमी तिखट' म्हणू नका, 'मिरची टाकूच नका' म्हणा, मग ते बरोबर कमी तिखट होऊन येतं.

पण काही म्हातारे आपल्यापेक्षा तिखट खातात हे पण लक्षात ठेवा. आमचे अण्णा ठेचा नसेल तर जेवण झालं असं मानतच नाहीत. अशा वेळी ठेचा बाजूला, सोबत दही, आणि आपण दुसरीकडं बघायचं.

घरात माळकरी आहेत. कुठं न्यावं?

शुद्ध शाकाहारी बोर्ड असलेलंच ठिकाण, यात तडजोड नाही. 'आम्ही भांडी वेगळी ठेवतो' या बोलण्यावर माळकरी माणूस बसतो खरा पण घास खाली उतरत नाही, आणि तुमच्या समाधानासाठी दोन घास खाऊन 'पोट भरलं' म्हणतो. आत शिरतानाच मटणाचा वास आला की संपलं. काहींना चातुर्मासात कांदा-लसूणही चालत नाही, तर आषाढी ते कार्तिकी एकादशीच्या मधी जायचं असेल तर आधी विचारा.

आणि कॅलेंडर बघा हो! एकादशी, श्रावणातले सोमवार, कुणाचा शनिवार, कुणाची संकष्टी. उपवासाच्या दिवशी नेलं तर ते साबुदाण्याची खिचडी खातील आणि साबुदाणा-शेंगदाणे-तूप दुपारभर छातीवर बसेल. भगर आणि शेंगदाण्याची आमटी मिळत असेल तर ती हलकी पडते.

देवदर्शन आणि जेवण एकाच दिवशी जमेल का?

जमतं, आणि खरं सांगायचं तर नुसतं 'हॉटेलात जाऊ' म्हटलं तर जे येत नाहीत ते दर्शनाच्या नावावर लगेच तयार होतात. फक्त कोणतं देऊळ, ते गुडघे बघून ठरवा.

तुळजापूरला महाद्वारातून पायऱ्या खाली उतरतात. उतरताना काही वाटत नाही, परत चढताना कळतं. म्हणून तिथं दर्शन आधी आणि जेवण नंतर, भरल्या पोटी तो चढ नको. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळा. परळीला वैजनाथाला रुंद दगडी पायऱ्या आहेत, दमादमानं जाता येतं. औंढ्याला देऊळ बघायला, दगडातलं कोरीवकाम बघायला सुंदर, पण नागनाथाचा गाभारा खाली तळघरासारखा आहे, अरुंद जागेतून वाकून उतरावं लागतं, ज्यांना दम लागतो किंवा गुदमरतं त्यांनी वरूनच हात जोडलेले बरे आणि हे घरून निघायच्या आधीच त्यांना सांगून ठेवा, तिथं गेल्यावर नाही. घृष्णेश्वराला पुरुषांना गाभाऱ्यात जाताना अंगातला सदरा, बनियन काढावं लागतं, पुसाच्या थंडीत सकाळी सकाळी म्हाताऱ्या माणसाला घेऊन गेलात तर शाल हातात तयार ठेवा. अंबाजोगाईला योगेश्वरी आणि मुकुंदराजांची समाधी, दोन्ही एका दिवसात कराय जाऊ नका, एकच निवडा.

पैठणला नाथांच्या समाधीचं दर्शन, गोदावरीचा घाट, आणि मग जेवण, संभाजीनगरकरांसाठी हा चांगला बेत आहे, पन्नास किलोमीटरच्या आसपास अंतर. नाथषष्ठीला मात्र नको, फाल्गुनात तेव्हा लाखो वारकरी असतात आणि गाडी गावात शिरत नाही.

नांदेडला असाल तर मी हॉटेलचं नावच घेणार नाही, सरळ सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला न्या. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जिथं देह ठेवला ती जागा, कुणीही यावं, जात-धर्म कुणी विचारत नाही, साधं शाकाहारी जेवण आणि स्वच्छता बघण्यासारखी. डोक्यावर रुमाल, पायात चप्पल नाही. पंगत खाली बसते, तर खाली बसता येत नाही असं सेवादाराला आधीच सांगा. संगमरवरावर उन्हात पाय भाजतात आणि ओल्या फरशीवर घसरतात, म्हणून हात धरून चला. आमच्या आत्याला आयुष्यात कधी कुणी एवढ्या आदरानं वाढलं नसेल, ती अजून त्या कढीपेक्षा त्या वाढणाऱ्या पोराबद्दलच बोलते.

पुण्या-मुंबईचे पाहुणे आलेत, आजोबांसकट वेरूळ-अजिंठा करायचंय. जेवणाचं कसं बसवू?

दोन्ही एका दिवसात नाही. आधी हे लक्षात ठेवा की वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, दरवर्षी कितीतरी लोक गेटवरून परत येतात.

आजोबांसाठी वेरूळच बरं. ३४ लेण्या आहेत पण त्यांनी कैलास, म्हणजे १६ नंबर, एवढं बघितलं तरी सगळं बघितल्यासारखं आहे. ते गेटपासून जवळ आहे, अंगणात उभं राहिलं की अख्खं देऊळ समोर, वर चढायची गरज नाही. एक डोंगर वरून खाली कोरत आणलाय हे त्यांना सांगा आणि तिथंच सावलीत बसू द्या, तरण्यांनी बाकीच्या लेण्या कराव्यात. सकाळी लवकर जाऊन अकरापर्यंत बाहेर आलात तर बाहेरच्या रस्त्यावर जेवणाच्या जागा आहेत, नाहीतर खुलताबादकडं वळा, भद्रा मारुती तिथंच आहे. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून बसनं आत जावं लागतं आणि मग पायऱ्या. डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा, पण डोलीत बसायला बऱ्याच म्हाताऱ्यांना लाज वाटते आणि ते ऐकत नाहीत. देवगिरी किल्ला? चांद मिनारपर्यंत न्या आणि परत फिरा. पुढं अंधारी आहे, तिथं धडधाकट माणसं पण घाबरतात.

हुरडा पार्टीला म्हाताऱ्यांना नेणं योग्य आहे का?

योग्य काय, त्यांनाच न्यायला पाहिजे, हुरडा कसा असावा हे त्यांच्याशिवाय कुणाला कळतं! गुळभेंडी, सुरती असं नाव घेऊन मागतील, आणि दाणा जून झाला असेल तर एका घासात ओळखून शेतमालकाला सुनावतील. दाताचा प्रश्न असेल तर एकदम कोवळा हुरडा मागा आणि हातावर मळून थोडा थोडा द्या. लसणाची चटणी बेतानं. हुरडा पोटाला जड असतो, म्हणून वर परत भरीत-भाकरीचं पूर्ण जेवण नको, ताक बास.

अडचण दोनच. एक, आगटीचा धूर, दमेकऱ्याला ज्या बाजूनं वारा येतोय त्या बाजूला बसवा. दोन, ढेकळातून चालणं. कृषी पर्यटनवाल्यांना विचारा की गाडी खोपीपर्यंत जाते का, आणि बाज नाहीतर खुर्ची ठेवा म्हणून सांगा.

लातूर-धाराशिवकडच्यांना तर वेळ अमावस्या आहेच, मार्गशीर्षातली. त्या दिवशी हॉटेल शोधणं हाच मूर्खपणा. भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर, सगळं मऊ, सगळं दात नसलेल्यांना चालणारं. स्वतःचं शेत नसलं तरी कुणीतरी बोलावतंच, आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन गेलात की मान त्यांनाच. आंबील आंबट आणि गार असते, खोकला असेल तर अर्ध्या गाडग्यावर थांबवा, ऐकतील असं नाही.

शुगर, बीपीच्या गोळ्या आहेत. काय सांभाळू?

सगळ्यात मोठा घोळ इथं होतो. जेवणाआधीची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घरून निघतानाच देऊन टाकतात, मग ट्रॅफिक, मग ऑर्डरला पाऊण तास, तोपर्यंत शुगर खाली गेलेली. घाम, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी परत बघा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. बाहेर जायच्या दिवशी गोळीची वेळ कशी ठेवायची हे आधीच डॉक्टरांना विचारून घ्या, लघवीची गोळी चालू असेल तर तिचंही विचारा, नाहीतर रस्ताभर गाडी थांबवावी लागते. खिशात साखरेच्या पुड्या, पिशवीत घरचं पाणी, एक जादा कपड्यांचा जोड. बीपीवाल्यांना पापड-लोणचं कमी वाढा.

गोड? कुंथलगिरीचा पेढा नाहीतर धाराशिवचा गुलाबजाम समोर असताना एक तुकडा पण द्यायचा नाही, एवढं कठोर मला होता येत नाही. तुकडाच पण.

'मला कशाला नेऊ लालात, तुमी जावा' म्हणतात. खरंच यायचं नसतं का?

बहुतेक वेळा यायचं असतं. भीती असते ती आपल्यामुळं सगळ्यांना थांबावं लागेल याची. म्हणून 'तुम्ही येता का' असं विचारू नका, 'अण्णा, पिठलं चांगलं कुठं मिळतं ते तुम्हाला माहिताय, चला दाखवा' म्हणा. त्यांच्या जुन्या नोकरीच्या गावाकडं, जुन्या दोस्ताच्या गावाकडं जेवायचं ठरवलं तर स्वतःच आदल्या रात्री धोतर काढून ठेवतात. पण दोनदा विचारूनही नाही म्हणाले तर नाही. पार्सल आणा आणि ओट्यावर बसून सगळ्यांनी मिळून खा.

मेनूतले भाव बघून चिडतात. काय करू?

मेनू हातात देऊच नका, वाचून दाखवा, उजवीकडची बाजू सोडून. बिल काउंटरवर जाऊन आधीच भरा. आणि 'मी देतो' म्हणून त्यांनी कोपरीतून पाचशेची नोट काढली तर घ्या, भांडत बसू नका, वरचे गुपचूप तुम्ही घाला.

गाडी नाही. एसटीनं जमेल का?

जमतं की. ७५ च्या पुढच्यांना राज्यात एसटी पूर्ण मोफत आहे, ६५ ते ७५ ला अर्ध तिकीट, बायकांना तर ७५ च्या आत कोणत्याही वयाला अर्धच तिकीट आहे. आधार कार्ड सोबत पाहिजे. डेपोतून सुटणारी गाडी धरा म्हणजे जागा मिळते, मधल्या फाट्यावर उभं राहू नका. जेवणाची जागा स्टँडच्या जवळचीच बघा, नाहीतर रिक्षावाल्याला जायचं-यायचं दोन्ही सांगून त्याचा नंबर घेऊन ठेवा. परतीला शेवटची बस नाही, तिच्या आधीची धरायची, शेवटची कधी रद्द होईल सांगता येत नाही.